सुतकातले देव

लेस्टरचं ते मंदिर दुपारी बंद असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दाराला कुलूप, काचेवर चार वाजता उघडेल अशी चिठ्ठी, आणि वरून इकडचा तो बारीक पाऊस, जो पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळत नाही. अभय म्हणाला, "ताई, गाडीत बसून काय करणार? कुठेतरी आत जाऊ, somewhere dry." म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या म्युझियममध्ये शिरलो. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत शॉर्टब्रेडचा जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात आईच्या सुती पातळाचा तुकडा, आणि त्या तुकड्यात गुंडाळलेले आमचे देव.

आई या हिवाळ्यात गेली. नॉटिंगहॅमचं घर विकलं गेलं. भांडीकुंडी, पडदे, स्वेटर सगळ्याची वासलात लागली, आणि शेवटी देव तेवढे उरले. मी लंडनजवळ स्टॅनमोरला राहते. माझ्या घरी सासरचे देव आहेत, आणि माहेरचे देव लेकीने न्यायचे नसतात हे आईचंच म्हणणं. देव मुलाकडे जायचे. पण अभय डर्बीला एकटा राहतो. त्याने मला फोनवर सरळ सांगितलं होतं, "ताई, माझी फ्लॅट लहान आहे. आणि मला काही येत नाही गं. I'd only do it wrong." तेव्हा मंदिरात देऊन टाकायचे असं आमचं ठरलं. दोघांनी मिळून जायचं, म्हणजे दोष एकावर येणार नाही.

म्युझियममध्ये शाळेची मुलं नुकतीच येऊन गेली असावीत. ओल्या रेनकोटांचा वास अजून रेंगाळत होता. खापरं, काचेच्या निमुळत्या बाटल्या, कुणा रोमन बाईची हाडाची फणी. अभय मोझेकपाशी थांबला. मी पुढे गेले आणि एका काचेच्या पेटीसमोर माझे पाय थांबले.

तळहाताएवढा पितळी मुलगा. नाचता नाचता थबकलेला. आखूड अंगरख्याचा घेर वाऱ्याने फुललेला, एक हात उंच आणि त्या हातात शिंगाचा पेला, दुसऱ्या हातात ताटली. खाली लिहिलं होतं, लार, रोमन घराचा रक्षणकर्ता देव. ते वाचायची मला गरज नव्हती. याला मी ओळखत होते. हा आमच्या शेजारच्या घरात राहत असे.

आमचं घर नॉटिंगहॅमच्या लेंटन भागात होतं, एका भिंतीने दुसऱ्या घराला चिकटलेलं. बाबा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, आई शाळेच्या किचनमध्ये डिनर लेडी, मुलांना दुपारचं जेवण वाढणारी. कऱ्हाडहून येताना बाबांनी हे देव कोटाच्या आतल्या खिशात घालून आणले होते. देव म्हणजे टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या आकृत्या, अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या, वर्षानुवर्षांच्या अंघोळींनी नाकडोळे पुसट झालेल्या. त्यांना ठेवायचं कुठे हा आईपुढचा पहिला प्रश्न. शेवटी तिने स्वयंपाकघरातलं बॉयलरशेजारचं कपाट निवडलं. घरात तेवढी एकच जागा बारा महिने उबदार असे. देवांना थंडी वाजू नये, एवढाच तिचा विचार. आधीच्या मालकीणबाई तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवत असणार, कारण दार उघडलं की किती तरी वर्षं व्हिनेगरचा वास यायचा. त्या वासावर हळूहळू कापराचा, चंदनाचा, तुपाच्या वातीचा थर चढत गेला. शेवटी कपाटाचं लाकूडसुद्धा गोडसर वास देऊ लागलं.

सकाळी मी जागी व्हायची ती घंटेने. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी, अंगावर दोन दुलया, नाकाचा शेंडा गार. खाली आई ओल्या केसांना पंचा बांधून पूजा करत असायची. आधी भांड्यात पाणी पडल्याचा आवाज, मग टाक ताम्हनात ठेवताना होणारी ती बारीक किणकिण, मग घंटा. घंटा थांबली की बॉयलर धप्पकन पेटायचा आणि पाइपांमधून पाणी कुरकुरत वर यायचं. लहानपणी मला वाटायचं, देवांची अंघोळ झाली की मगच आपल्याला गरम पाणी मिळतं.

एका सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात शेजारच्या मिस पार्किन. उंच, सरळ, राखाडी कार्डिगन, पांढरे केस कानामागे घट्ट दाबलेले. मुलींच्या शाळेत जन्मभर लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. आई घाबरली. तिला वाटलं, घंटेबद्दल तक्रार आली. तिने मला पुढे केलं.

"आवाजाचा त्रास होतो का तुम्हाला?" मी विचारलं.

"त्रास?" मिस पार्किन म्हणाल्या. त्या वर्गात बोलल्यासारखं, एकेक शब्द सुटा करून बोलत. "काल आणि आज घंटा वाजली नाही. मी तिच्यावर माझा चहा टाकते. सगळं बरं आहे ना, एवढंच विचारायला आले."

आईला दोन दिवस ताप होता. हे मी सांगितलं, तशा त्या आत आल्या, आणि कपाटाचं दार उघडं होतं ते त्यांनी पाहिलं. त्या तिथे किती तरी वेळ उभ्या राहिल्या. हात लावला नाही. मग म्हणाल्या, "थांबा हं," आणि गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत तो नाचरा मुलगा होता. तरुणपणी नेपल्सला गेल्या असताना त्यांनी तो घेतला होता. खऱ्याची नक्कल, पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो तेव्हापासून उभा होता.

"हा माझा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो आमच्या टेबलावर ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि पुढे कित्येक संध्याकाळी सांगत राहिल्या. रोममध्येसुद्धा प्रत्येक घराचे आपले देव असत. मोठ्या देवळांतले देव वेगळे, ते राज्याचे, लढायांचे. हे मात्र फक्त त्या घराचे. त्यांची जागा बहुतेकदा चुलीपाशी, भिंतीतल्या कोनाड्यात. जेवताना त्यांचा घास बाजूला निघायचा. ताटातून काही जमिनीवर सांडलं तर ते पुन्हा ताटात घ्यायचं नाही, ते त्यांचं. शिधा ठेवायच्या कोठीचे देव आणखी निराळे. लग्न ठरलं की मुलगी आपल्या बाहुल्या या देवांपुढे ठेवून द्यायची आणि मग सासरी जायची. मी मराठीत सांगत होते आणि आई ऐकत होती, हातातला कपडा तसाच धरून.

"आणि ह्याला काय देता तुम्ही?" आईने मला विचारायला लावलं.

मिस पार्किन जरा गोंधळल्या. "काही नाही. मी धूळ पुसते त्याची."

आईला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना तिने माझ्या हातात एक वाटी दिली. तळाशी चिमूटभर साखर. "पार्किनबाईंना म्हणावं, त्याच्यापुढे ठेवा. उपाशी उभा आहे बिचारा."

तेव्हापासून त्या आमच्या पार्किनबाई झाल्या.

वर्षं कशी गेली ते फुलांवरून आठवतं. इथे देवाला वाहायला आधी काहीच नव्हतं. वसंतात डॅफोडिल्स यायची, पण आईला ती वाहवेनात. एवढी मोठी फुलं टाकांवर ठेवली की खाली देव दिसायचेच नाहीत. मग पार्किनबाई कुंपणावरून स्वीटपीचे जुडगे द्यायला लागल्या. त्यांच्या बागेतली ती नाजूक, फुलपाखरासारखी फुलं, गुलाबी, जांभळी, आणि वास असा की सगळं स्वयंपाकघर ओलं ओलं वाटे. देणाऱ्या हाताला माती आणि टोमॅटोच्या पानांचा वास. आई फुलं घ्यायची ती पदरात, आणि पार्किनबाईंना आधी कळायचं नाही की ही हातात का घेत नाही. नंतर त्या आपणहून, पदर पसरेपर्यंत थांबायच्या.

नवरात्रात घट बसायचा तो आइस्क्रीमच्या टबात. माती बागेतली, गहू पाळीव पक्ष्यांच्या दुकानातले, आणि तरी थंडीने उगवायचे नाहीत. मग बाबांनी टब बॉयलरच्या डोक्यावर ठेवला, आणि अशी उंच पोपटी रोपं आली की आईने त्यांचा फोटो कऱ्हाडला पाठवला.

पण सगळ्यांत दाट आठवण चंपाषष्ठीची. आमचा कुलस्वामी पालीचा खंडोबा. त्या दिवशी वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात. वांगं गॅसवर भाजलं की छतावरचा स्मोक अलार्म केकाटायचा आणि अभय खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचा. मग तळी भरायची. ताम्हनात नारळ, पानसुपारी, भंडारा, आणि सगळ्यांनी मिळून ते उचलायचं. तिकडे भावकीतले पाच पुरुष असत. इथे बाबा, आई, मी आणि अभय. एक माणूस कमी. पहिल्या वर्षी बाबांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा गं, बाईंना बोलव."

पार्किनबाई आल्या. ताम्हनाखाली त्यांनी आपले लांब, सांध्यांत सुजलेले हात लावले. बाबांनी "येळकोट येळकोट" म्हटलं आणि आम्ही "जय मल्हार" म्हणून ओरडलो, तेव्हा त्याही ओरडल्या, शाळेच्या मैदानावर मुलींना हाक मारावी तशा. बाबांनी भंडारा उधळला. पार्किनबाईंचे पांढरे केस पिवळे झाले, भुवया पिवळ्या, कार्डिगन पिवळं. मी धावत ओलं फडकं आणलं. त्या म्हणाल्या, "नको, राहू दे." तशाच घरी गेल्या. कुंपणापलीकडून त्यांच्या स्वयंपाकघराचा दिवा लागलेला दिसला आणि खिडकीतल्या त्या पितळी मुलाच्या डोक्यावर त्यांनी चिमटीतून काहीतरी सोडलेलं मी पाहिलं.

बाबा गेले ते फेब्रुवारीत. मी चौदा वर्षांची होते, अभय नऊ. सकाळी ते मफलर गुंडाळून बसला गेले होते. संध्याकाळी त्यांचे सहकारी आले, टोप्या हातात घेऊन.

त्यातलं बरंच मला आठवत नाही. हॉलमध्ये लोकांचे बूट, कुणीतरी आणलेलं भाताचं पातेलं, फोनचा काळा रिसीव्हर आणि त्यातून कऱ्हाडहून येणारा समुद्राखालच्यासारखा आवाज. इथे अंत्यविधी लगेच होत नाही. कागदपत्रं, तारखा, वाट बघणं. आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून असायची. रडली नाही. एकदाही नाही. लोक हळू आवाजात एकमेकांना म्हणत, तिला रडू येऊ दे.

आणि स्वयंपाकघरात कपाटाचं दार बंद.

आम्हाला सुतक होतं. घरात मृत्यू झाला की घरच्यांनी देवाला शिवायचं नसतं. गावी असतो तर शेजारपाजारचं कुणी येऊन पूजा करून गेलं असतं. इथे कोण येणार? नॉटिंगहॅममधली मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही शहराच्या दुसऱ्या टोकाला, नोकऱ्यांत बांधलेली. आई जिन्यावर बसल्या बसल्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, "देव पारोसे राहिलेत." नवऱ्याबद्दल ती काही बोलतच नव्हती. देवांची अंघोळ झाली नाही, देव उपाशी आहेत, एवढंच.

पार्किनबाई रोज सूप घेऊन येत होत्या. त्यांनी मला विचारलं, आई काय म्हणते? मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. "रोममध्ये असंच होतं," त्या म्हणाल्या. "घरात कुणी गेलं की सगळं घर शिवाशिवीतलं. घराच्या देवापुढे शांती करून घेतल्याशिवाय ते शुद्ध होत नसे." मग त्या आईसमोर, जिन्यापाशी, खाली गुडघ्यांवर बसल्या. त्यांच्या वयाला ते सोपं नव्हतं. आईला कळेल अशा साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला सुतक नाही. मी करू?"

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मला ठाऊक होतं तिच्या मनात काय चाललंय. ह्या बाई सॉसेज खातात. ह्यांना सोवळं माहीत नाही. हे सगळं तिच्या डोळ्यांवरून एकेक करून सरकत गेलं, आणि मग निघून गेलं.

"त्यांना सांग," आई मला म्हणाली, "अंघोळ करून यायचं. आणि काही खायचं नाही आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किनबाई मागच्या दाराने आल्या. केस ओले, विंचरून मागे घेतलेले. फेब्रुवारीच्या त्या थंडीत ओल्या केसांनी बागेतून आल्या होत्या. हातात इस्त्री केलेला कोरा लिननचा टॉवेल. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली, भिंतीला धरून, आत पाऊल न टाकता. मी तिच्याशेजारी. अभय माझ्यामागे, माझा स्वेटर धरून.

"डावीकडचं भांडं," आई म्हणायची. मी इंग्रजीत सांगायची. "पाणी कोमट हवं. आधी दूध, मग पाणी. हळू म्हणावं."

पार्किनबाईंनी एकेक टाक उचलला. बोटं सुजलेली, टाक एवढासा. निसटेल म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरली होती. तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तशी. प्रत्येक देव उचलला की त्या थांबायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. आई त्याचं नाव सांगायची. पार्किनबाई ते म्हणून बघायच्या, "खांडोबा," आणि पुन्हा, "खंडोबा," आई मान डोलवेपर्यंत. त्यांना मंत्र येत नव्हते. त्यांनी फक्त नावं घेतली, अंघोळ घातली, पुसलं, जिथल्या तिथे ठेवलं. हळद, कुंकू. वाटीत दूधसाखर. फुलं कुठून येणार. त्यांनी बागेतल्या बर्फातून उकरून आणलेली स्नोड्रॉपची चार पांढरी फुलं होती, मान खाली घातलेली.

मग त्यांनी घंटा उचलली आणि वाजवली.

ती घंटा आईने आजवर फक्त स्वतः वाजवली होती. दुसऱ्या कुणी वाजवलेली तिने ऐकलीच नव्हती. पहिल्या टोल्याला ती दचकली. दुसऱ्याला तिने उंबऱ्यावर बसकण मारली, आणि तिच्या छातीतून असा आवाज निघाला की अभय रडायला लागला. आई रडली. किती तरी वेळ रडली. पार्किनबाई आमच्याकडे पाठ करून, देवांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि आईचं रडणं कमी होईपर्यंत त्या घंटा वाजवत राहिल्या.

सुतक फिटेपर्यंत त्या रोज आल्या. केस ओले, पोट रिकामं. नंतर आईने पूजा पुन्हा हातात घेतली तेव्हा त्या कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "मला जरा चुकल्यासारखं होतंय."

पुढची वर्षं भराभर गेली, जशी जातात. मी फार्मसी शिकायला लंडनला गेले, तिथेच लग्न झालं. अभय मोठा झाला, मराठी बोलायला लाजू लागला, मग विसरू लागला. तळी भरायला माणसं जमेनात. आई आणि पार्किनबाई दोघीच ताम्हन उचलायच्या आणि, आई फोनवर सांगायची, "ओरडलो बाई दोघी. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला."

पार्किनबाईंना ऐकू येईनासं झालं. घंटा भिंतीतून पोहोचेना. मग आई पूजा झाली की हाताने भिंतीवर तीनदा थाप मारायची, आणि पलीकडून थाप यायची. एका सकाळी आली नाही.

त्यांचं जवळचं असं कुणी नव्हतं. कॅनडातल्या कुणा पुतण्याने घर रिकामं करणाऱ्या लोकांना सांगितलं. चार दिवसांतच व्हॅन आली. आई खिडकीतून बघत होती. पुस्तकांची खोकी, दिवा, तो गवती रंगाचा कोच. आणि मग स्वयंपाकघराचं सामान. आई तशीच सपाता घालून बाहेर धावली. "Small man," ती व्हॅनवाल्या पोराला म्हणाली. "Kitchen window. Small man, dancing." तिने हात वर करून, एक पाय उचलून दाखवलं. सत्तरीची बाई, रस्त्यात, नाचून. तो पोरगा चांगला होता. त्याने दोन खोकी उघडून पाहिली. पण व्हॅनमध्ये खोक्यांवर खोकी होती, आणि त्यांना दुसऱ्या घरी जायचं होतं.

त्या रात्री मी आईला फोन केला, दुसऱ्या दिवशी केला. तिसऱ्या दिवशी सकाळी केला तेव्हा म्हणाले, "पूजा झाली का?"

"नाही. कपाट बंद आहे."

"का? बरं नाही का?"

"सुतक आहे," आई म्हणाली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी म्हणाले, "अगं, त्या आपल्या कोण लागत होत्या? शेजाऱ्यांचं सुतक धरतात का कुणी?"

आई म्हणाली, "बाबा गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं का, आपण त्यांचे कोण लागतो म्हणून?"

तेव्हा मात्र देव खरंच पारोसे राहिले. त्यांना अंघोळ घालायला येणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेजारच्या घरात मग विद्यार्थी आले, गेले, आले. भिंतीतून बेसचा धक धक आवाज. आई एकटीच घंटा वाजवत राहिली, या हिवाळ्यापर्यंत. ती गेल्यावर अभयला सुतक, मला सुतक. माझं लवकर फिटलं. लग्न झालेल्या लेकीला कमी असतं. मी कपाटासमोर जाऊन उभी राहिले होते. आत चंदनाचा वास होता आणि बॉयलर बंद असल्यामुळे टाक बर्फासारखे गार लागले. मी त्यांना आईच्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलं. घर ज्यांनी घेतलं ते आता त्याच्या खोल्या पाडून भाड्याने देणार आहेत. बॉयलर काढून टाकतील, कपाटही.

"ताई," अभय मागून म्हणाला. "Four o'clock."

मंदिरात एक वयस्कर गुजराती गृहस्थ होते, पायात मोजे, हातात झाडू. आम्ही काय आणलंय हे सांगायच्या आधीच त्यांनी पिशवीकडे पाहून ओळखलं. "आइए बेन," म्हणाले, आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. बूट ठेवायच्या खोलीपलीकडे एक लांबट खोली होती. भिंतीला लोखंडी फळ्या. फळ्यांवर केळ्यांची रिकामी खोकी, ओळीने.

खोक्यांत देव होते.

पितळी बाळकृष्ण, रांगता, लोण्याचा गोळा हातात. गणपती, किती तरी. अन्नपूर्णा, पळी धरलेल्या. शाळिग्राम. काचेच्या फ्रेममधल्या देवी. कुणाच्या मुकुटाच्या खाचेत वाळलेलं कुंकू अजून लाल होतं. कुणाच्या अंगात लोकरीचं विणलेलं इवलंसं स्वेटर होतं. कुणीतरी थंडीसाठी विणलेलं. तुपाचा, धुपाचा, जुन्या पितळेचा मिळून एक जड वास.

"सब बच्चे लाते हैं," ते गृहस्थ म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. "माँ-बाप गए, घर बिक गया, क्या करेंगे? हम रोज़ शाम को एक अगरबत्ती दिखाते हैं. सबको एक साथ." त्यांनी एका खोक्यातले देव जरा सरकवून जागा केली. "रखिए."

मी डबा उघडला. पातळ उलगडलं. हात पुढे केला. अभय माझ्याशेजारी उभा होता आणि खोक्यात वाकून बघत होता. त्यात आणखी कुणाचे तरी टाक पडले होते, आमच्यासारखेच, काळपट, पुसट नाकाडोळ्यांचे.

"ताई," तो म्हणाला. "इथे ठेवली तर नंतर आपली कुठली, ते कळणार नाही."

माझा हात खोक्यावर तसाच राहिला.

"मिक्स होऊन जाईल सगळी." त्याचा आवाज चिरकला. पन्नाशीच्या जवळ आलेला, रोज हॉस्पिटलात लोकांना पुन्हा चालायला शिकवणारा माझा भाऊ. त्याने माझ्या हातातून डबा घेतला, पातळ जसं होतं तसं गुंडाळलं, झाकण लावलं. त्या गृहस्थांना इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, आमची चूक झाली." ते हसले. म्हणाले, असं आजवर दोघातिघांनीच केलं.

गाडीत बसल्यावर त्याने इंजिन सुरू केलं नाही. डबा मांडीवर घेऊन उघडला. देव आता डर्बीला आहेत, त्याच्या मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर. रोज पूजा होते असं मी म्हणणार नाही. आठवण झाली की तो पाणी घालतो आणि मला विचारतो, दूध आधी की पाणी. पण त्या दुपारी त्याला ते कोण आहेत हेही माहीत नव्हतं. त्याने एकेक उचलून माझ्यापुढे धरला.

"हा खंडोबा. शेजारी म्हाळसा," मी सांगितलं. "ही तुळजाभवानी. हा नाग."

"आणि ही?"

एक उभा पुरुष. कमरेला तलवार, डोक्याला पागोटं. झिजून त्याचं तोंड पार सपाट झालेलं.

"हा देव नाही. आपला पूर्वज आहे. बाबांच्या घरातला कुणीतरी. लग्न न होता गेला, लढाईत की कसा. त्याचाही टाक करून देवांत ठेवतात."

"नाव काय त्याचं?"

मी तोंड उघडलं. नाव होतं. आई दर सकाळी ते घ्यायची, नागाच्या नंतर, घंटेच्या आधी. दोन अक्षरी की तीन. मी डोळे मिटून तिचे ओठ आठवले, तिचा ओला पंचा आठवला, त्या नावाची चाल आठवली. नाव आलं नाही. कऱ्हाडला फोन करायचा तर तिकडे आता कोण आहे? बाबांच्या पिढीतलं कुणी नाही. ज्याला विचारावं असं पृथ्वीवर एक माणूस उरलं नव्हतं.

"नाही आठवत रे," मी म्हणाले. "कुणालाच आता माहीत नाही."

काचेवरून पाणी ओघळत होतं. अभयने शर्टाच्या कडेने तो टाक पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा पुसला, जणू आत कुठे नाव सापडेल.

"आपण लहान असताना," तो अडखळत, शब्द शोधत म्हणाला, "पार्टीला ती सगळी माणसं यायची ना, ज्याची नाव आपल्याला माहीत नाही. त्यांना आपण काय म्हणायचो?"

"काका."

त्याने मान हलवली. टाक तळहातावर घेतला, तोंडाजवळ आणला.

"काका," त्याने हाक मारून पाहिली.